मालगुजारांचा बैल आणि माझी करुणा

परत आल्यापासून जो तो विचारतोय, "काय हो, वर्ध्याकडे जाऊन आलात म्हणे! संत्री नाही आणली?" नाही आणली. संत्र्यांची आठवण ठेवण्याइतका मी ताळ्यावर नव्हतो. शिवाय तिकडे कशाला गेलो होतो हे सांगायला लागलो की माझीच जीभ अडखळते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

मी पुण्यात एका शाळेत संस्कृत शिकवतो आणि उरलेल्या वेळात पाली वाचतो. बुद्धाच्या करुणेवर माझं एक छोटं पुस्तक आहे. ते बायकोने वाचलेलं नाही, मुख्याध्यापकांनी वाचलेलं नाही, आणि ज्यांना मी ते सही करून भेट दिलं त्यांनी तर मुळीच वाचलेलं नाही. अशात वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पत्र आलं, 'आपले पुस्तक दोनदा वाचले, डोळ्यांत पाणी आले.' ते वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पत्र त्या गावच्या मालगुजारांचं, म्हणजे जमीनदारांचं, होतं. मालगुजारी कायद्याने जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण मालगुजार कुठे गेले नव्हते. त्यांच्या गावातल्या महार वस्तीने आदल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. या मंडळींना त्यांचा नवा धर्म कोणी जाणत्या माणसाने नीट समजावून सांगावा, विशेषतः करुणा आणि त्याग ही अंगं, अशी मालगुजारांची इच्छा होती. माघात या, असं पत्रात होतं. आणि पौषातच एक दिवस तार आली, 'ताबडतोब निघा.' मी तार बायकोपुढे नाचवली. म्हटलं, "बघ, लोकांना किती तहान आहे ती!"

"स्वेटर ठेवा," ती म्हणाली.

सेवाग्राम

मी वर्ध्याला उतरलो. मालगुजारांची गाडी दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला येणार होती. मधला एक दिवस मोकळा होता, तो मी सेवाग्रामला काढला. शेणाने सारवलेल्या जमिनी, कुडाच्या भिंती, कौलांवर कोवळं ऊन. इतकी स्वच्छता मी देवळातसुद्धा पाहिलेली नाही. जेवायला उकडलेली भाजी आणि ज्वारीची भाकरी. भाजीत मीठ शोधत होतो तेवढ्यात ताट रिकामं झालं.

सकाळी तिथे सगळेच सफाईला लागतात, पाहुणेसुद्धा. एका वयस्क गृहस्थांनी माझ्या हातात झाडू दिला आणि संडासाकडे बोट केलं. मी ताबडतोब कंबर धरली. कंबर अगदी ठणठणीत होती, पण धरायला तीच जवळ सापडली.  त्यांनी माझा झाडू घेतला आणि स्वतःचं झाल्यावर माझ्या वाटणीचंही झाडून आले. मी खोलीत बसून वहीत लिहिलं, 'येथील सेवावृत्ती पाहून धन्य झालो.'

हिंगणघाटहून पुढे

हिंगणघाटला दमणी उभी होती. दमणी म्हणजे इकडची हलकी, छप्पर घातलेली बैलगाडी. हाकणारा सोमा, मालगुजारांचा जुना सालदार, चाळिशीचा, पागोट्यात विडी खोचलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटून पांढरी झाली होती. आमच्याकडे ऊस बघायची सवय, त्यामुळे एवढा कापूस बघून मला उगाचच थंडी वाजायला लागली. एका नाल्याच्या उतारावर दमणी तिरपी झाली आणि मी व्याख्यानाच्या कागदांसकट कपाशीत जाऊन पडलो. काळ्या कोटाला जागोजागी कापूस चिकटला. सोमाने मला उचललं, झटकलं आणि पुन्हा आत बसवलं.

मग त्याने विचारलं, "गुरुजी, तुमी बैलासाठीच आले ना?"

"कोणता बैल?"

"मालकाचा मोत्या. काल सकाळी मेला."

"अरेरे! पण मी कशाला बैलासाठी येऊ? मी काय ढोरांचा डॉक्टर आहे?"

"नाई जी, ते मालूम हाये मले. डाक्टर येऊन गेलता आठ दिवसाअगुदर. त्यानं बैल पाह्यला अन् मान हालवली. अन् त्याच दिवशी मालकानं तुमाले तार केली."

माणूस साधा दिसतोय, दोन गोष्टींची गल्लत करतोय, असं मी मनाशी म्हटलं आणि कागद क्रमाने लावत बसलो.

गाव

मालगुजार दारातच उभे होते. पन्नाशीचे, धिप्पाड, बोलायला गोड. माझे दोन्ही हात धरून आत नेलं. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवून आलात ना?' असं विचारायची पद्धत आहे. इथे विचारायची पद्धतच नाही, सरळ पाट मांडतात. गोळाभात होता, म्हणजे भातात शिजवलेले डाळीचे तिखट गोळे. ते भातावर कुस्करायचे आणि वरून फोडणीचं कढत तेल ओतायचं. शिवाय कढी, वांग्याची भाजी, भाकरी. तेल एवढं की पुण्यात माझ्या घरी आठवडा निघेल. वाढणाऱ्या मालगुजारीणबाईंना 'पुरे' हा शब्द माहीतच नव्हता.

सगळं झकास होतं, फक्त वास येत होता. वाऱ्याची झुळूक आली की गोठ्याकडून असा भपकारा यायचा की घास हातातच राहायचा. शेवटी मी विचारलं. मालगुजारांचे डोळे भरून आले.

"मोत्या," ते म्हणाले. "चौदा वर्सं माह्या दावणीले होता, गुरुजी. पोळ्याले मी सोता त्याले पुरनपोळी चारत होतो, ह्या हातानं. पोरावर केली नाई एवढी माया केली."

"मग त्याला अजून माती का नाही दिली?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी काहीतरी असभ्य बोललो असावा. "देनार कोन? मेल्या ढोराले आमी हात लावाव? हे काम वस्तीचं. त्यायच्या बापानं केलं, आज्यानं केलं. अन् आता म्हंतात, आमी बुद्धाचे झालो, मेलेलं ढोर ओढनार नाई. आमचं ते ऐकत नाईत. पन बुद्धाचं तं ऐकतीन? म्हून तुमाले बोलावलं. तुमच्या पुस्तकात ती उपाशी वाघिनीची गोष्ट हाये ना, तेच सांगजा. लय भारी गोष्ट हाये ती."

म्हणजे सोमाने काही गल्लत केली नव्हती. माझं व्याख्यान बैलाच्या तब्येतीवर ठरलं होतं. बैलाने अन्न सोडलं म्हणून तार आली होती. मला संताप यायला हवा होता, आणि खरं सांगतो, आला नाही. दोनदा पुस्तक वाचलेला तो जगातला एकमेव माणूस होता. शिवाय तोंडात गोळा होता. मी होकाराची मान हलवली.

वस्ती

व्याख्यान दुपारी वस्तीतल्या निंबाखाली होतं. त्याआधी कवडूजी मला आपल्या घरी घेऊन गेले. हे वस्तीतले चौथी शिकलेले गृहस्थ. शेतमजुरी करायचे आणि रोज दिवे लागायच्या वेळी सगळ्यांकडून पंचशील म्हणून घ्यायचे. घर मोजून एका खोलीचं, पण भिंतीवर बुद्धाचं चित्र आणि त्याला ताजी झेंडूची माळ. त्यांनी गुळाचा कोरा चहा पुढे केला. अस्पृश्यतेविरुद्ध मी पुण्यात तीन लेख लिहिलेत, त्यांतला एक तर चांगलाच जहाल आहे. पण महाराच्या घरी काही तोंडाला लावायची ही माझी पहिलीच वेळ. कप उचलताना माझा हात जरासा थांबला. कवडूजींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. चहा फार चांगला होता.

"गुरुजी," ते म्हणाले, "मालकानं कालपासून आमाले वेचनीचं काम बंद केलं. म्हंतात, बैल उचला, मंगच वावरात पाय ठेवा. कापूस वेचनीच्या या दोन महिन्यांवर वस्तीचं वरिसभराचं खानं असते. बाया हटून बसल्या हायेत, पन किती दिवस बसतीन? तुमी बोलान तेव्हा एवढं ध्यानात ठेवजा."

"अवश्य, अवश्य," मी म्हणालो.

निंबाखाली दीडशेक माणसं बसली होती. मालगुजारांसाठी खुर्ची आणली होती, घरून, सोमाच्या डोक्यावर. मी बोलायला उभा राहिलो आणि एकदा उभा राहिलो की मला कशाचंच भान राहत नाही, हा माझा जुना रोग आहे. बोधिसत्त्व पूर्वी एका जन्मी राजपुत्र होता. रानात त्याने एक वाघीण पाहिली, नुकतीच व्यालेली, भुकेने इतकी कासावीस की स्वतःच्याच पिलांना खाईल. राजपुत्राचं काळीज कळवळलं. त्याने आपलं शरीर तिच्यापुढे टाकलं. दुसऱ्याचं दुःख ते आपलं दुःख! माझा आवाज कापला. मी स्वतःवरच इतका खूश झालो की डोळे पुसले. मालगुजारांनीही पुसले.

आणि मग ते खुर्चीतून उठले.

"ऐकलं?" ते वस्तीला म्हणाले. "तुमच्या देवानं वाघिनीले अंग देल्लं, अंग! अन् मी काय मागतो? एक बैल वढून द्या म्हंतो. हे मी नाई सांगत, तुमचा धर्म सांगते. सांगा गुरुजी, बरोबर हाये का नाई?"

सगळी वस्ती माझ्याकडे बघायला लागली. कवडूजी तर डोळ्याची पापणीसुद्धा हलवत नव्हते. एका वाक्याचं काम होतं. धर्म असं काही सांगत नाही, एवढंच म्हणायचं. पण मालगुजार माझे यजमान होते, परतीची दमणी त्यांची होती, आणि रात्रीच्या जेवणाला पाटवड्या आहेत असं कानावर आलं होतं. मी घसा साफ केला. "विषय गहन आहे," मी म्हणालो. "याला दोन बाजू आहेत. दोन्ही बाजूंनी थोडं समजुतीने घेतलं तर..."

बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. तान्हाबाई. वाळकी, उंच, केस पांढरेशुभ्र. मुलगा आणि सून गेलेले, दोन नाती पदरात, आणि वेचणीवर घर. पुण्यात व्याख्यानानंतर प्रश्न विचारणारा माणूस स्वतःचंच व्याख्यान देतो. हिने खरोखरच प्रश्न विचारले.

"गुरुजी, त्या राजपुत्राले कोन्ही सांगतलं होतं का, जा म्हून?"

"नाही. स्वतःहून गेला."

"अन् गेला नसता तं त्याची वेचनी बंद झाली असती का?"

लोक हसले. मीही हसलो, मग थांबलो. "नाही," मी म्हणालो.

"मंग ते दान झालं. आमच्या मानसायनं आजवर ढोरं ओढली, ते काय होतं? आमाले कोन्ही इचारलं होतं का कधी?" ती मालगुजारांकडे वळली. "मालक, वाघिनीले भूक होती. मोत्याले आता कायचंच दुःख नाई. दुःख हाये ते तुमाले हाये. त्याच्यासाठी आमालेबी वाईट वाटते, तो बैल आमच्या पोरायनंबी चारला हाये. पन रडले तुमी, तं उचलान बी तुमीच."

असं म्हणून ती घरात गेली आणि एक जाड दोर घेऊन आली. हातांच्या घामाने काळा पडलेला. तिने तो मालगुजारांच्या खुर्चीपुढे ठेवला. "हा माह्या सासऱ्याचा. त्यानं ओढले, माह्या नवऱ्यानं ओढले. दीक्षेपासून आढ्याले टांगला हाये. आमाले याचं काम नाई. तुमाले लागन."

मालगुजार दोन पावलं मागे सरले. त्या दोराला हात लावला तर आंघोळ आली. "उद्या दुपारपर्यंत बैल उचलला नाई," ते म्हणाले, "तं हिंगणघाटहून गाडीभर बाया आनतो वेचाले. मंग बसा आपल्या बुद्धाजवळ." ते गेले. पाठोपाठ खुर्ची गेली.

मी कागद गोळा करत होतो. कवडूजी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मालक आमचं ऐकत नाईत, पन तुमचं पुस्तक त्यायनं दोनदा वाचलं. तुमी एक डाव 'नाई' म्हनले असते..."  ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत लाज वाटली.

रात्री पाटवड्या होत्या. मी दोन खाल्ल्या. मला त्या आवडतात, त्याला काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी चहाच्या वेळी मी मालगुजारांना सांगून टाकलं. "काल मी चुकलो. धर्म असं सांगत नाही. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यायचा नसतो. तुम्ही पुस्तक दोनदा वाचलंत, तरी तुम्हाला ते कळलं नाही. मला तर लिहूनही कळलं नव्हतं."

मालगुजारांनी बशी खाली ठेवली. "हां? मंग बैल कोन उचलन? तुमी?" आणि हसले. सोमा हसला. आतून बाईसुद्धा हसल्याचा आवाज आला.

आता माझा स्वभाव सांगितला पाहिजे. मला सगळं सोसतं, हसलेलं सोसत नाही. "हो, मी!" मी ओरडलो. "मी उचलतो तुमचा बैल!" त्यात करुणा बिरुणा काही नव्हती, निव्वळ राग होता. तसाच तरातरा वस्तीत गेलो. दोर निंबाखाली तसाच पडला होता. तान्हाबाई दारात बसून तुरी निसत होती. मी दोर उचलला, तिने पाहिलं, पुन्हा तुरीत मान घातली.

सोमाने आणि चार गड्यांनी बांधाजवळ खड्डा आधीच खोदून ठेवला होता. खोदायला त्यांची ना नव्हती, माती ती माती. दोर मात्र कोणी धरेना. गोठ्यात शिरलो. नाकाला उपरणं बांधलं. बैल कुठून बांधतात हे कुठल्या पुस्तकात असतं? पाय फुगलेले, पोट फुगलेलं. मी शिंगांना दोर गुंडाळला आणि ओढलं. बैल तसूभर हलला नाही. पुन्हा ओढलं. तळहातांची सालटी निघाली, पाय घसरला आणि मी शेणात बसलो. दाराशी गाव जमलं होतं. लांब, निंबापाशी, वस्ती उभी होती. इकडून कोणी पुढे येईना, तिकडून कोणी हसेना. मी उठलो आणि सगळा भार टाकून डाव्या शिंगाला हिसका दिला.

"अहो नाई! नाई! शिंगाले नोका वढू!" मालगुजार गर्दी फोडून आत घुसले. "डावं शिंग दुखते त्याचं! सोडा! सोडा म्हंतो ना!"

त्यांनी माझ्या हातातून दोर हिसकावला. गुडघ्यावर बसले, शिंगाचा दोर सोडला, शिंगाच्या बुडाशी हळूच हात फिरवला आणि ढसाढसा रडायला लागले. मेलेल्या बैलाचं शिंग दुखेल म्हणून!  मग त्यांनी स्वतःच दोर पुढच्या पायांच्या मागून छातीला घातला, नीट, अलगद, आणि उभे राहिले. "धरा गुरुजी," म्हणाले.

मालकाने दोर धरल्यावर गड्यांचा विटाळ आपोआप उतरला. पाचही जण लागले. मोत्या गोठ्यातून निघाला, बोळातून, मारुतीच्या पारावरून, बांधापर्यंत. दीड तास लागला. मालगुजार सबंध वाटभर रडत होते आणि ओढत होते. माती मात्र त्यांनी कोणाला लोटू दिली नाही.

घरी आल्यावर मालगुजारीणबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. अंगावर गोमूत्र शिंपडलं, विहिरीवर आंघोळ करायला लावली, आणि तरी आज चुलीकडे यायचं नाही म्हणून बजावलं. आम्ही दोघं ओसरीवर जेवलो. पत्रावळ लांबून सरकवली. पाणी वरून ओंजळीत ओतलं. पुण्याचा ब्राह्मण आणि गावचा मालगुजार, दोघेही हात पसरून पाणी पीत होतो.  जेवण झाल्यावर मालगुजारांनी सोमाला हाक मारली. "वस्तीत सांगून ये. उद्यापासून वेचनीले या म्हनाव."

निघण्याआधी मी दोर परत करायला तान्हाबाईकडे गेलो. सोमा निरोप सांगून गेला होता. नाती अंगणात हसत होत्या. मी दोर पुढे केला.

"हा वापस कायले आनला?" ती म्हणाली. "मालकाकडेच ठेवा. त्यायच्याकडे आखीन नऊ बैल हायेत."

मी दोर खाली ठेवला, पण हललो नाही. हात जरा पुढेच धरून उभा राहिलो. सालटी निघालेले तळहात तिला दिसावेत आणि तिने काहीतरी म्हणावं, अशी माझी इच्छा होती. आता लपवून काय उपयोग?

तिला दिसले. "बसा," ती म्हणाली. आतून हळद आणि कोमट तेल घेऊन आली, माझा उजवा हात आपल्या मांडीवर ओढला आणि हळूहळू तेल लावू लागली. तिचे तळवे माझ्या हाताला लागत होते, पायाच्या टाचेसारखे कडक. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून तिने पट्टी बांधली.

"एकच बैल होता ना, गुरुजी?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "एकच."

"आना दुसरा हात," ती म्हणाली.